पडवीतला घड

त्या मास्तरांना गणित येत होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या पडवीत त्यांनी काही वर्षं क्लास घेतला. मी रोज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होते. तरी सांगता येत नाही. मी चौथी शिकलेली बाई, माझं मत तसं कोणी विचारत नाही. एकदा मात्र विचारलं होतं, आणि मी ते दिलं होतं. तेही बरोबर दिलं की चूक, ते कळलेलं नाही.

आमचं घर राजोडीच्या रस्त्याला, वाडीत. केळी आहेत, थोडे माड आहेत, मोगरा होता तो आता राखायला माणूस मिळत नाही म्हणून काढला. नवरा गेला, मुलगा विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेला, मागची खोली रिकामी पडली. तिथे हे मास्तर आले. देशावरचे, एकटे, पन्नाशी उलटलेले. आधी कुठल्याशा शाळेत होते. तिथून स्वतः निघाले की त्यांना काढलं, असं मी तोंडावर विचारलं. म्हणाले, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं काढलं असेल."

"बरं," म्हणाले आणि ट्रंक आत घेऊन गेले.

हे 'बरं' म्हणजे त्या माणसाचं अर्धं बोलणं. हो नाही, नाही नाही, नुसतं बरं. जेवलात का विचारलं तरी म्हणायचे, "अंदाज करा." मी म्हटलं, "माझा अंदाज असा आहे की तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय." तर त्यालाही "बरं. कशावरून?" आणि खरोखर उत्तराची वाट बघत उभे. चेष्टा करत असते तर मी सोडून दिलं असतं. चेष्टा नव्हती.

आमच्याकडे मासे घेऊन येणारी कोळीण त्यांच्यावर पहिल्याच आठवड्यात भडकली होती. "मावशे, कोन हाय यो मास्तर? मी पाटी उतरवली तर म्हनतो, थांब, आधी अंदाज करू दे किती बोंबील हायत. मी म्हनलं, घ्यायचे तर घे, नायतर बाजूला हो, माजे बोंबील काय तुजे साल्येतले पोर हायत?" मास्तर तिलाही बरं म्हणाले असणार.

आणि असा अंदाजावर जगणारा माणूस, त्याचा भात मात्र एक दिवस बरोबर झाला नाही. एकतर पेज, नाहीतर खाली करपलेला आणि दाताखाली कचकच. पाणी किती घालायचं ते मी त्यांना बोट बुडवून दाखवलं. "आधी अंदाज, मग डोकं, मग हात," असं ते पोरांना रोज सांगायचे. भाताच्या बाबतीत तिन्ही फुकट. शेवटी मीच माझ्या भातात मूठभर तांदूळ वाढवायला लागले. त्यात माया वगैरे काही नव्हती. करपलेली भांडी माझ्या मोरीत यायची म्हणून.

क्लास संध्याकाळचा. नववी-दहावीची दहा-बारा पोरं. पोरं बसली की मास्तर एक अगरबत्ती मधोमध मोडायचे, अर्धी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे आणि उरलेली अर्धी करवंटीतल्या वाळूत खोचून पेटवायचे. ती जळेपर्यंत पुस्तक उघडायचं नाही, पेन धरायचं नाही. नुसतं बघायचं आणि बोलायचं. अगरबत्ती विझली की मग गणित.

पहिल्यांदा मला वाटलं पूजा. पण समोर देव नाही, फोटो नाही. शेजारची सिसिली तर धावतच आली. तिचा ग्लेन क्लासला यायचा. "काकी, माझं पोर रोज कुठल्या देवापुढे बसतं ते तरी मला कळू द्या. फादरनी विचारलं तर मी काय सांगू?" मी म्हटलं, आमचाही नाही गं तो, असता तर मला ओळखू आला असता. दोघी मिळून गेलो विचारायला.

मास्तर म्हणाले, "घड्याळ आहे ते."

"मग भिंतीवर आहे की घड्याळ," सिसिली म्हणाली.

"त्यात पोरं किती उरलं ते बघतात. यात किती झालं ते बघतात."

सिसिलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ती गेल्यावर मी त्या अगरबत्तीकडे बराच वेळ बघत बसले. मला दोन्ही दिसलं, झालेलंही आणि उरलेलंही. मास्तरांचं म्हणणं काय होतं, ते काही दिसलं नाही.

त्या वेळेत ते काय काय करायचे ते सांगते. एकदा नारळ, अंडं, लिंबू आणि गोटा अशा चार वस्तू मांडून विचारलं, यातलं वेगळं कोण? ग्लेन म्हणाला गोटा, कारण तो खाता येत नाही. दुसरी म्हणाली अंडं, कारण ते झाडाला लागत नाही. तिसरा म्हणाला नारळ, कारण त्याला शेंडी आहे. मास्तर सगळ्यांना बरं. मी उंबऱ्यावरून कान टवकारून बसले होते की आता खरं उत्तर सांगतील. अगरबत्ती विझली, मास्तर म्हणाले, "पुस्तकं उघडा." उत्तर राहिलंच. ते अंडं मी रात्री भुर्जीत घातलं, पण डोक्यातून जाईना.

माझ्या वेळी असं नव्हतं. गणित म्हणजे पाढे. अडखळलं की पट्टी. बरोबर की चूक ते हातावरच कळायचं, शंका राहायची नाही. ते बरं होतं असं मी म्हणत नाही. पण कळायचं.

सगळ्यात जास्त चालायचं ते केळीच्या घडावर. आमच्याकडे माझ्या सासूपासूनची रीत आहे. घड तयार झाला की उतरवायचा आणि काथ्याच्या दोरीने पडवीच्या वाशाला टांगायचा. तो वरून पिकत खाली येतो. दारात येईल त्याने पिकलेलं एक तोडून घ्यायचं, विचारायचं नाही. क्लासची पोरंही जाताना एकेक तोडायची. म्हणजे घड रोज थोडा हलका. मास्तरांनी तेच धरलं. "आज किती? मोजायचं नाही. बोट दाखवायचं नाही. किती, आणि कसं दिसलं, एवढंच."

कोणी म्हणायचं, कालच्यातून इतकी गेली असतील. कोणी म्हणायचं, एका फणीत इतकी धरली तर सगळ्या फण्यांत इतकी. कोणी म्हणायचं, खालच्या फण्या लहान, त्यांना तोच भाव लावून चालणार नाही. भांडणं व्हायची. आणि घड तिथेच लटकतोय! हात वर केला की मोजून होतंय. मला राहवेना. पण मास्तर कोणाला मोजू देत नव्हते.

एक दिवस माझ्याकडे वळले. "आजी, तुम्ही सांगा."

जन्म केळीत गेला माझा. मी नजर टाकली आणि आकडा सांगितला, ठासून. तर पोरं हसायला लागली. माझी नात ऋतुजा म्हणाली, "अगं आजी, मागून बघ की."

गड्याने घड उतरवताना तो मागच्या बाजूने आपटला होता. मागच्या फण्या तुटून गेल्या होत्या. मी उंबऱ्यावर बसते, मला पुढूनच दिसतो. मला काय माहीत?

मास्तर म्हणाले, "बरं. आजींना पुढून दिसलं. मागून कोणाला दिसलं?"

मी म्हटलं, "मास्तर, चुकलं तर चुकलं म्हणा की. मी काय रडणार आहे?"

"चुकलं असं कोण म्हणतंय?"

"मग बरोबर आहे?"

"बरोबर असं तरी कोण म्हणतंय?"

मी उठून आत गेले. डाळ लागली होती त्या दिवशी.

आता ऋतुजाचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरून अडलं. ती माझ्या मुलाची मुलगी. विरारच्या शाळेत गणिताच्या तासाला उभं केलं की ती बाथरूमला जायचं म्हणून परवानगी मागायची आणि तास संपेपर्यंत परत यायची नाही. वर्षभर चाललं. बाईंना वाटलं पोटाचं दुखणं, मुलाने डॉक्टर केले. पोटात काही नव्हतं. मग मुलाने तिला माझ्याकडे आणून ठेवलं आणि इथल्या शाळेत घातलं. म्हणाला, "आई, तुझ्याकडे मास्तर आहेत. दहावी निघाली पाहिजे. नाही निघाली तर मला पुढे काय करायचं ते सुचत नाही."

पहिला महिना ती पडवीत खांबासारखी बसून होती. मास्तरांनी उभं केलं नाही, विचारलं नाही. मग एक दिवस घडाकडे बघून मध्येच म्हणाली, "शंभर." सगळी हसली, कारण तेव्हा घड संपत आला होता.

"बरं. कसं दिसलं?" मास्तर म्हणाले.

"दिसलं नाही. उगाच म्हटलं."

"बरं. उगाच म्हणूनही बघावं. पुढे?"

दुसऱ्या दिवशी तिने कारणासकट आकडा सांगितला. मग ती जी सुटली ती इतकी, की मला म्हणावं लागायचं, हळू बोल, सिसिलीच्या घरापर्यंत जातंय. बाथरूमला जाणं बंद झालं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते घडामुळे झालं, की वाडीतल्या हवेमुळे, की वय वाढल्यामुळे, ते मी सांगू शकत नाही.

मग पोरं दहावीत गेली आणि पहिल्या चाचणीत बऱ्याच जणांना कमी मार्क पडले. पालकांचा फोनवर ग्रुप होता. तिथे आधी पेटलं आणि मग ते चालत माझ्या दारात आलं. पुढे होते क्लासमधल्या सोहमचे पप्पा. ते सातिवलीला एका कारखान्यात सुपरवायझर. माणूस वाईट नाही, पण बोलताना सारखं मनगटावरचं घड्याळ बघणारा. मास्तर तेव्हा घरात नव्हते, मुद्दाम तीच वेळ साधली होती.

"आजी, रोज पंधरा मिनिटं अगरबत्तीत जातात. आमच्याकडे कारखान्यात मशीनची लाइन पंधरा मिनिटं बंद राहिली तर मला वरून फोन येतो. आणि इथे पोरं केळी बघत बसतात."

"मोजतही नाहीत," सिसिली म्हणाली. तिला आता देवाचं काही नव्हतं, मार्कांचं होतं.

"पडवी तुमची आहे," सोहमचे पप्पा म्हणाले. "तुमचं ऐकतील. त्यांना सांगा, आल्यापासून पुस्तक. नाहीतर आम्ही सगळे पोरं काढतो. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, सांगा. हे बरोबर चाललंय?"

हेच ते, मला मत विचारलं ते. पोरं गेली तर मास्तर जाणार, हे मला समजत होतं. त्यांना दुसरं काही नव्हतं. मास्तर गेले तर ऋतुजा परत विरारच्या त्या वर्गात, तेही समजत होतं. पण हे बरोबर चाललंय का, हे काही समजत नव्हतं. माझी डाळ, माझा भात मला समजतो. जे समजत नाही त्याच्या बाजूने मी भांडू कशी? मी म्हटलं, "मलाही वेळ फुकट जातो असं वाटतं. सांगते त्यांना."

संध्याकाळी सांगितलं.

"बरं," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "तुम्हाला कळत नाही म्हणून बंद करायचं?"

"हो. कळलं असतं तर त्यांना समजावून सांगितलं असतं."

यावर बरं म्हणाले नाहीत. करवंटीतली वाळू अंगणात ओतली आणि करवंटी मला आणून दिली. धुऊन.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तक. पोरं आली, बसली, पानं उघडली. पडवी इतकी शांत की मला चुलीवरचं पाणी ऐकू यायला लागलं. सोहमचे पप्पा गाडीवरून डोकावून खूश होऊन गेले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर काहीतरी लिहून विचारलं, "ऋतुजा, यातलं पहिलं काय करशील?"

ती उठली. म्हणाली, "सर, बाथरूमला जाऊ?"

मी उंबऱ्यावरच होते. ती माझ्या अंगावरून आत गेली, माझ्याकडे बघितलं नाही. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी पदराने भांडं पुसत होते ते पुसतच राहिले.

रात्री मी तिला म्हटलं, "काय झालं गं?" म्हणाली, "काही नाही." मी म्हटलं, "मास्तर तेच, फळा तोच, तू तीच. मग?" म्हणाली, "आता विचारतात तेव्हा त्यांना उत्तर माहीत असतं, आजी." मी म्हटलं, "मग मास्तर कशासाठी असतात?" तिने कूस बदलली.

मी काही केलं नाही. काय करायचं तेच कळत नव्हतं. जे झालं ते पोरांनी केलं. एक दिवस अंगणात गलका ऐकू आला म्हणून बाहेर आले, तर क्लासला अवकाश होता आणि पोरं आधीच येऊन घडाभोवती उभी. मास्तर त्यांच्या खोलीत, दार लोटलेलं. ग्लेन घसा खाकरून म्हणत होता, "मोजायचं नाही, बोट दाखवायचं नाही." हुबेहूब मास्तर. एकेक जण सांगत होता आणि बाकीचे एका सुरात "बरं" म्हणत होते. सगळ्यात मोठा आवाज सोहमचा. ऋतुजा मागच्या बाजूला गेली होती आणि तिथून ओरडून सांगत होती. हे मग रोजचं झालं. वेळ झाली की मास्तर दार उघडायचे, पोरं गुपचूप पडवीत बसायची, पुस्तक उघडायची. आणि ऋतुजा उठून उत्तरं द्यायला लागली. चुकायची, खाली बसायची, परत उठायची.

पुढच्याच आठवड्यात सोहमचे पप्पा लवकर आले. गाडी तशीच चालू ठेवून आत आले.

"आजी, हे काय? आपलं ठरलं होतं ना?"

"क्लासचं ठरलं होतं. क्लास सुरू व्हायचाय. हे अंगण आहे."

"पण तुम्हीच म्हणालात, तुम्हालाही हे फुकट वाटतं."

"अजून वाटतं. पण पडवी माझी तसं अंगणही माझंच. इथे पोरांनी केळी बघितली तर मी हाकलणार नाही."

ते काही बोलणार तेवढ्यात सोहम म्हणाला, "पप्पा, तुम्ही सांगा ना. किती?"

त्यांनी घडाकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. "असतील साठेक."

"कसं दिसलं?"

"कसं म्हणजे? दिसलं!" ते म्हणाले. पोरांनी मिळून "बरं" म्हटलं. सोहमचे पप्पा गाडीपाशी गेले, वळून पुन्हा घडाकडे बघितलं, गाडी बंद केली, परत आले. "पण खालच्या फण्या लहान आहेत, नाही का?" मग त्यांचीही वादावादी सुरू झाली. त्या दिवशी कारखान्यात रात्रपाळीची लाइन त्यांच्याशिवाय सुरू झाली असणार. ग्रुपवर पुढे काही आलं नाही. मास्तरांनी अगरबत्ती पुन्हा लावली नाही, मीही करवंटी परत दिली नाही. ती अजून मीठ ठेवायला आहे.

दहावी झाली. ऋतुजा पास झाली. मार्क सांगण्यासारखे नाहीत, लपवण्यासारखेही नाहीत. सोहमला त्याच्या पप्पांना हवे होते त्याहून कमी पडले. एक मुलगी आधीच क्लास सोडून स्टेशनजवळच्या मोठ्या क्लासला गेली होती, तिला सगळ्यांहून जास्त. म्हणजे काय समजायचं? मी मुलाला विचारलं, मास्तर चांगले की नाहीत? तो म्हणाला, "आई, पोरगी बोलते ना आता?" बोलते. पण बोलण्याची परीक्षा नव्हती, गणिताची होती.

त्यानंतर वर्षभरात मास्तरांची वहिनी वारली. भाऊ देशावर एकटा पडला, म्हणून त्यांनी इथलं आवरायचं ठरवलं. जायच्या दिवशी ट्रंक पडवीत आणून ठेवली. रिक्षा यायची होती. घड टांगलेला होता, अर्धा झालेला. मी त्यांच्या हातात एक केळं दिलं आणि म्हटलं, "मास्तर, आता तरी सांगा. इतक्या दिवसांत एकदा तरी खरं उत्तर सांगा. तो घड, मी पुढून बघितला आणि पोरं मला हसली तो. त्यात होती तरी किती?"

मास्तर केळं सोलत होते. खरोखर आश्चर्य वाटल्यासारखे माझ्याकडे बघत म्हणाले, "मला काय माहीत? मी कुठे मोजली?"

"म्हणजे? कधीच नाही?"

"कधीच नाही."

मला वाटत होतं, रात्री पोरं गेल्यावर ते मोजून ठेवत असतील. मनात आकडा असेल, आणि तो आकडा लपवून पोरांना खेळवत असतील. तेवढ्यासाठी मी त्यांना मास्तर समजत होते. आणि या माणसाला माहीतच नव्हतं! रिक्षा आली. ते नमस्कार करायला वाकले, मी म्हटलं, "वाकू नका, साल खाली पडेल." साल खिशात घालून गेले.

परवा नवीन घड टांगला. घरात कोणी नव्हतं. मी स्टूल घेतलं आणि वरपासून खालपर्यंत एकेक केळं हाताने धरून मोजलं. एकदा सोक्षमोक्ष लागू दे म्हटलं. मग ऋतुजाला फोन केला. ती आता कॉलेजात आहे. म्हटलं, "मोजली बघ. एकशे अठरा."

पलीकडून म्हणाली, "बरं."

"बरं काय? मोजलीत मी! हाताने!"

"हो गं. पण बघून किती वाटली होती, आजी? आधी?"

मी सांगितलं नाही. फोन ठेवला. बघितलंच नव्हतं आधी. मग पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले आणि घडाकडे बघितलं. एकशे अठरा काही दिसत नव्हती, पुष्कळ कमी दिसत होती. मोजताना चुकले असेन म्हणून उठले. स्टूल घेतलं, आणि घेतलेलं खाली ठेवलं. घडाला वळसा घालून आधी मागच्या बाजूला गेले.